पहिल्या ‘नको’च्या पुढे

आम्ही गेलो होतो आमच्या चुका ऐकायला, आणि गावाने आम्हाला शाल-श्रीफळ देऊन खुर्चीत बसवलं.

पूर ओसरून हिवाळा लागला होता. सांगलीजवळच्या त्या कृष्णाकाठच्या गावात पुराच्या वेळी कुणी बोटी पाठवल्या होत्या, कुणी धान्य, कुणी औषधं. नंतर या सगळ्या संस्थांनी मिळून एक शहाणपणाची गोष्ट ठरवली. प्रत्येकाने आपापली पाठ थोपटून घेण्यापेक्षा एकत्र जाऊन गावांनाच विचारायचं, की आमचं काय चुकलं, आणि जे कळेल ते सगळ्यांना सांगायचं. साताऱ्याच्या आमच्या संस्थेकडून मी गेले. माझ्या जोडीला इस्लामपूरचा एक तरुण होता. पुरात बोट चालवणाऱ्या पथकातला, कमी बोलणारा, कामाला वाघ.

मंदिरासमोर मांडव घातला होता. एकेक जण माईकपुढे यायचा, ‘लय केलंसा तुमी’ म्हणायचा आणि हात जोडून खाली बसायचा. मला कौतुक आवडत नाही असं नाही. चांगलं आवडतं. पण त्या दिवशी तिसऱ्या भाषणानंतर माझं डोकं सणकायला लागलं. मी उठून म्हटलं, “अहो, आमचं काय कमी पडलं ते सांगा ना.” सरपंच हसून म्हणाले, “आवं ताई, पावण्यांस्नी उणं कोन सांगतंय व्हय?” आणि टाळ्या पडल्या. माझी वही कोरीच राहिली.

जेवायला आम्हा दोघांना एका फौजी घरात नेलं. घरधनी सीमेवर. घरात त्याची बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि गुडघ्यांनी जायबंदी झालेले सासरे. ते सोप्यात बाजेवर पडून असत. पुरात हीच बाई मुलांना घेऊन बोटीत बसली होती, आणि ती बोट माझ्या या इस्लामपूरकरानेच चालवली होती. त्यामुळे त्याचं स्वागत काय विचारता! तिने त्याच्या पायाला हात लावला. तो इतका संकोचला, की पाय पोटाशी घेऊन बसला.

भरलं वांगं, आमटी, दही आणि तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी. मी घास घेता घेता पुन्हा तोच प्रश्न विचारला, कारण मी चिवट आहे. ती म्हणाली, “काय न्हाई वो ताई. देवावानी आलासा.” मग भाकरी घेऊन त्याच्याकडे वळली. त्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. “नको वहिनी, खरंच नको.” तिने त्याच्या बोटांच्या फटीतून अर्धी भाकरी सरकवली. तो पुन्हा नको म्हणाला. तिने उरलेली अर्धीही वाढली आणि हसली. आमच्याकडे हे असंच चालतं. पहिलं ‘नको’ कुणी धरत नाही.

पण हसता हसता ती थांबली. भाकरीची बुट्टी हातात तशीच.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुमी आता दोनदा नको म्हणलासा. मी ऐकलं का? मग त्या दिशी आमच्या मामंजींचं नको तुमी एका बोलन्यात कसं ऐकलंसा?”

एवढं बोलून ती स्वतःच घाबरली. तोंडावर पदर धरून म्हणाली, “चुकलं माजं. माजी पोरं वाचवलीसा आन मी कशी बोलाय लागले.” डोळे भरून आले होते तिचे.

मग तिनेच तुटक तुटक सांगितलं. बोट दारात लागली तेव्हा म्हातारे म्हणाले होते, “मला ऱ्हाऊ द्या. पोरांस्नी आदी न्या. माजा पुतन्या येतोय.” पुतण्या कुठला यायला! तो तर तिकडे पुण्यात. बोट भरलेली होती, परत येऊ असं सांगून पथकाने ती काढली. मग धार वाढली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणालाच त्या गल्लीत शिरता आलं नाही. म्हातारा कसाबसा माळ्यावर चढून ज्वारीच्या पोत्यांवर बसून राहिला. पोरं वाचली म्हणून देवाला हात जोडायचे, की सासरा मागे राहिला म्हणून रडायचं, हे तिला त्या शाळेतल्या छावणीत कळत नव्हतं. आणि ज्याने पोरं वाचवली त्यालाच हे कसं सांगायचं? म्हणून ती गप्प बसली होती. मांडवातही गप्पच होती.

इस्लामपूरकराचा चेहरा उतरला. ही गोष्ट मला त्याच्याकडूनच माहीत होती, पण वेगळ्या रूपात. ‘एक आजोबा स्वतः मागे राहिले आणि मुलांना पुढे पाठवलं,’ असं तो सभांमधून सांगायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या होत्या.

तेवढ्यात सोप्यातून आवाज आला. “पोराला जेवू दे की गं! मीच म्हनलं हुतं तसं.” आम्ही उठून त्यांच्याजवळ गेलो. इस्लामपूरकर बाजेशेजारी जमिनीवर बसला. म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “तुजं काय चुकलं न्हाई, गड्या. पोरं हुती बोटीत. पर बोट वळली तवा मला वाटलं, आनखी एकदा इचारलं आसतंस तर मी आलो आसतो.”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. दिवसभर कौतुक ऐकून वैतागलेली मी, त्या बाईचे पाय धरावेत असं मला वाटलं. खरं सांगायला किती धीर लागतो, विशेषतः ज्याचे उपकार आहेत त्याला सांगायला! तिने तो धीर केला, आणि तोही भाकरी वाढता वाढता.

सांगलीत सगळ्या संस्थांची बैठक झाली, तेव्हा ही गोष्ट मी सांगणार होते. पण इस्लामपूरकर म्हणाला, “मी सांगतो.” उभा राहून त्याने सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. कुणीतरी शंका काढली, की माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याला उचलायचं का? शंका खोटी नव्हती. बराच वाद झाला. शेवटी ठरलं, की पाणी दारात यायची वाट न बघता, धरणातून पाणी सुटलं की आधी अंथरुणावरच्या माणसांकडे जायचं, आणि पहिल्या ‘नको’वर कधीच मागे फिरायचं नाही. इंग्रजी अहवालात ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं, की माझं मलाच ओळखू येईना. म्हणून आम्ही गावोगावी तोंडानेच सांगत गेलो, वरच्या साताऱ्याकडच्या गावांपासून खालपर्यंत. भाकरी वाढण्याची गोष्ट निघाली की लोक हसायचे. मग हसणं थांबायचं आणि कुणीतरी आपल्या आईचं, चुलत्याचं सांगायला लागायचं. शाल-श्रीफळ मात्र बंद झालं, ते बरंच झालं.

पुढच्या पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली, आणि मी साताऱ्यात घरात येरझाऱ्या घालत राहिले. दुपारी त्या बाईचा फोन आला. माळावरच्या शाळेतून बोलत होती.

“ताई, आनलं आवं मामंजींना! भाऊ ट्रॅक्टर घिऊन सकाळीच आलं, पाणी गल्लीत यायच्या आदी. मामंजींचं आपलं सुरूच, मला ऱ्हाऊ द्या, मला ऱ्हाऊ द्या. भाऊंनी लय इनवलं. मग मामंजी म्हनलं, बरं बाबा, उचल. ट्रॉलीत गादी टाकून आनलं.”

“आणि घर?”

“बाज बुडाली म्हनत्यात.”

मागे म्हाताऱ्यांचा तार स्वरात आरडाओरडा ऐकू येत होता. मग फोनच त्यांनी ओढून घेतला. “बाई, ह्या पोराला तुमी शिकवलंसा व्हय? म्हाताऱ्याचं ऐकायचं न्हाई म्हनून?”

“तुम्हीच शिकवलंत, आजोबा,” मी म्हटलं. “आम्ही फक्त पुढे सांगितलं.”

“समद्या गावांस्नी सांगितलंसा?”

“जमेल तेवढ्यांना.”

“मग ठेवा फोन. आमच्या खालच्या आळीत एक म्हातारी ऱ्हायलीया, दोनदा नको म्हनलीय. तिला आता मी बोलतो.”