आक्काच्या चुलीतला विस्तव

माझं लिहिलेलं लोकांना आवडलं का नाही, हे मला पिठाच्या गिरणीत कळतं. डबा रांगेत ठेवला की बायकांना बोलायला वेळच वेळ असतो, आणि गिरणीच्या आवाजात बोलायचं म्हणजे मोठ्यानंच बोलावं लागतं. आडून बोलायची सोयच नाही. साप्ताहिकात माझी कादंबरी क्रमशः यायला लागली त्या हिवाळ्यात मी उठसूट दळण न्यायला लागले. सून म्हणाली, आत्या, एवढं पीठ करायचं काय? तिला काय सांगणार? मला पीठ नको होतं, मला ऐकायचं होतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं दुकानात झालं. आमचं किराणा दुकान, पुड्या बांधायला रद्दी यायची, आणि मी कागद फाडायच्या आधी वाचून काढायची. गोष्ट रंगात आली की नेमकं गिऱ्हाईक यायचं आणि शेवट शेंगदाण्याबरोबर त्याच्या घरी जायचा. मग तो शेवट मी मनानंच लावायची. ही सवय अशी लागली की सत्तरी ओलांडल्यावर तिची कादंबरी झाली.

कादंबरी निजामाच्या राजवटीतली. आमच्या गावच्या देवीचा चांदीचा मुखवटा जुन्या काळी गेला, एवढं गावात सगळ्यांना माहीत आहे. कसा गेला, कोणी नेला, ते कुणालाच नाही. आता आहे तो पितळेचा. मी एवढंच खरं घेतलं, बाकी सगळं माझ्या मनाचं. यात्रेच्या संध्याकाळी मुखवटा नाहीसा होतो, तालुक्याहून अमीनसाहेब घोड्यावर येतात (फौजदाराला तेव्हा अमीन म्हणत), आणि एकेकाला बोलावून विचारतात. दर आठवड्याला एक नवा माणूस संशयात.

सून छापील पानाचे फोटो काढून फोनवर टाकायची. ते फिरत फिरत ऊसतोडीला गेलेल्या आमच्या गावच्या टोळ्यांपर्यंत जायचे आणि तिकडून बोललेले निरोप यायचे. एका बाईनं उसाच्या फडावरच्या कोपीतून, पाचटाच्या झोपडीतून विचारलं, अमीनसाहेबांचं लगीन झालंय का न्हाई ते आधी सांगा, मंग मुखवट्याचं बघू. एका बाप्यानं कळवलं की तुमच्या घोड्याला दोन भाग झाले कुणी पाणीच पाजलं न्हाई. त्याचं खरं होतं. पुढच्या भागात आधी घोड्याला पाणी पाजलं, मग चौकशी. पण सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी असायची, की लई खरं वाटतं. ते ऐकलं की त्या दिवशी मला साधं पिठलंसुद्धा गोड लागायचं.

आता आक्काचं सांगते. आमच्या दुकानासमोर रस्ता ओलांडला की तिचं घर. माझ्याहून चार-पाच वर्षांनी थोरली. तिला वाचता येत नाही, म्हणून भाग लिहून झाला की मी आधी तिच्याकडं जाऊन मोठ्यानं वाचायची. ती शेंगा फोडत ऐकायची. कंटाळली की शेंगा भराभर फुटायला लागत. तेवढ्यावर मी ओळखायची आणि घरी येऊन दोन परिच्छेद काढून टाकायची.

आमच्या गावात दक्षिणेला दार कुणी ठेवत नाही. तिच्या एकट्या घराचं आहे, कारण देवीचं देऊळ त्या अंगाला, आणि यात्रेच्या संध्याकाळी देवीच्या दिवट्या पेटतात त्या तिच्याच घरच्या चुलीतल्या विस्तवानं. किती पिढ्यांचा मान आहे हा, त्यांनाही सांगता येत नाही. घरातली थोरली बाई खापरात राख घालते, राखेत निखारे ठेवते, वर कडुलिंबाचा पाला झाकते आणि अनवाणी देवळात नेते. दिवट्या पेटल्या की राखेसकट खापर तसंच घरी आणते. आक्काच्या घरी गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली, पण ती एक चूल तिनं कुणाला मोडू दिली नाही.

राखेचं मला तिनंच सांगितलं. म्हणाली, "खापरात हात घालायची कुणाची टाप न्हाई बाई. अमीन असू दे न्हाईतर खुद्द निजाम."

आणि माझं अडलेलं कोडं सुटलं. सगळ्या गावाची झडती होत असताना मुखवटा देवळातून बाहेर गेला कसा? परतीच्या खापरातून, राखेखाली. मी त्याच दुपारी लिहायला बसले. चोरी करणारी बाई विस्तव आणणाऱ्या घरातली. तिचं दार दक्षिणेला. दारात तिरपा शेवगा. बोलताना पदराचं टोक दातात धरायची सवय. ते दार, तो शेवगा, तो पदर मला दुकानात बसल्या जागेवरून रोज दिसत होता. मी ते सगळं उचललं आणि कागदावर ठेवलं. यात काही चुकतंय असं माझ्या मनात आलंच नाही. उलट वाटलं, आज हात चांगला चाललाय.

आक्काला वाचून दाखवलं. मधेच शेंगा फुटायच्या थांबल्या. मी समजले, गोष्टीत गुंतली. शेवटी ती एवढंच म्हणाली, "लई बारीक लिहिलंस." मी खूश होऊन घरी आले.

तो भाग चैत्राच्या यात्रेआधी छापून आला. गिरणीत बायका म्हणत होत्या, मला वाटलंच व्हतं. एक म्हणाली, तरीच त्या घराला कधी काई कमी पडलं न्हाई. मला वाटलं, कादंबरीतल्या घराबद्दल बोलतात. डबा डोक्यावर घेऊन हसत घरी आले मी.

यात्रेची बैठक देवळाच्या मंडपात भरली. आमच्याकडचे एक पुढारी आहेत, त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, शाल-नारळ दिला, गावचा इतिहास उजेडात आणला म्हणाले. टाळ्या झाल्या. मी शाल नीट पसरून बसले, पुढून दिसावी अशी. मग त्यांनी खिशातून साप्ताहिकाचं कात्रण काढलं. "काकूंनी अभ्यास करून लिहिलंय," ते म्हणाले. "आता इतकं कळल्यावर त्याच घरचा इस्तू देवीला लावायचा का, ते गावानं ठरवावं. आमचं घर देवळाजवळच हाय, आमी सेवा करू." तो मान त्यांच्या घरी यावा ही त्यांची जुनीच इच्छा. माझ्या हातानं त्यांना ते कात्रण मिळालं होतं.

मी उठले. शाल अंगावरच होती. म्हणाले, "अहो, ते मी मनानं रचलंय. कुणी सांगितलेलं न्हाई, कुठं लिहून ठेवलेलं न्हाई. सगळं खोटं हाय."

पुढारी प्रेमानं हसले. "काकू, तुमचा शेजार हाय. तुमाला असं म्हणावंच लागंल."

मागून कुणीतरी म्हणालं, "मनानं रचलेलं एवढं खरं वाटंल व्हय?"

ज्या शब्दासाठी मी हिवाळाभर दळण वाहिलं होतं, तोच शब्द. माना डोलल्या. मी बायकांकडं पाहिलं. आक्का खांबाला टेकून बसली होती, पदराचं टोक दातात. सगळ्यांच्या नजरा तिकडं वळल्या तसं तिनं ते टोक दातातून काढलं आणि मांडीवर ठेवलं. त्यानंतर तिला पदर दातात धरताना मी पाहिलं नाही.

त्या वर्षी विस्तव पुढाऱ्यांच्या घरून निघाला. वाजंत्री होती, फोटो काढले. मी दुकानातून बघत होते, समोर आक्काच्या घरातून धूर निघाला. तिनं चूल सारवली होती, पेटवली होती, खापर भरून उंबऱ्यात आणून ठेवलं आणि त्याच्याजवळ बसून राहिली. पाला वाळून राख होईपर्यंत. मधे फक्त एक रस्ता. मला तो ओलांडता आला नाही.

मग मी काय केलं, तर एक भाग आणखी लिहिला. अमीनसाहेबांना कळतं की आपली चूक झाली. चोरी गावातल्या एका दुकानदाराच्या घरातल्यांनी केली. म्हणजे आमच्या घरानं. मला वाटलं, झालं, फिटलं. संपादकांना कलाटणी आवडली. गिरणीत मात्र बायका म्हणाल्या, ह्या टायमाला मजा न्हाई आली. ऊसतोडीहून परतलेला तो घोड्याचा बाप्या दुकानात तंबाखू घ्यायला आला, तो म्हणाला, ओढून ताणून वाटतंय काकू, कुणीतरी दबाव आणलेला दिसतोय. आमच्या घराकडं कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

शेवटी मी तो भाग घेऊन आक्काकडं गेले. बैठकीनंतर पहिल्यांदाच. तिनं बस म्हटलं, शेंगांचं सूप पुढं ओढलं. मी वाचायला लागले आणि शेंगा अशा फुटायला लागल्या की मला माझाच आवाज ऐकू येईना. वाचून झालं. तिनं टरफलं गोळा केली.

"माझं घर चोराचं केलंस तवा दार घातलंस, शेवगा घातलास, माझा पदर घातलास," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुझं घर आलं तर नुसतं 'एक दुकानदार' म्हणून आटपलंस. कावून?"

तिचं ऐकेपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं की मी असं केलंय. नातीला बघायला पाहुणे येणार होते, दुकान चालवायचं होतं. माझ्या हातानं ते सगळं मला न विचारता झाकून घेतलं होतं. तिच्या घराच्या वेळी तो हात कुठं गेला होता? इतकी वर्षं मी तिच्या घरची मीठ-भाकर खाल्लेली आणि एका आठवड्याच्या कौतुकासाठी तिचा उंबरा उघड्यावर टाकला. हे तिनं म्हटलं नाही. ती फक्त कादंबरीबद्दलच बोलली. ते जास्त लागलं.

मी म्हणाले, पुन्हा लिहिते. ती म्हणाली, लिही, आणि इथंच बसून लिही.

तिच्या ओसरीवर बसून लिहिलं. ती सांगायची. "तुझ्या सासूची तागडी धरताना करंगळी वर असायची, ते घाल. दुकानाच्या दाराचा तो वाकडा लोखंडी गज घाल. गुळाचा रांजण घाल." आणि मग तिनंच आठवण दिली की दिवट्यांना तेल कुणाच्या दुकानातून जातं. तेल आमचं जातं. आमचा लहानसा मान. रिकामा तेलाचा डबा परत येतो तो तळाशी चिकट असतो, त्यात मुखवटा असला तर कोण हात घालून बघतंय? मी लिहायची थांबले. आक्का माझ्याकडं बघत होती. तिला ठाऊक होतं ती काय मागतेय, आणि मलाही.

सुनेला वाचून दाखवलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, पोरीचं ठरायचंय." चार-आठ दिवस कागद तसाच पडून राहिला. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवसांत मला पुढाऱ्यांचं वागणं थोडंथोडं बरोबरसुद्धा वाटायला लागलं होतं. मग एकदा समोर आक्का दारात आली, कुणाशी तरी बोलताना तिचा हात पदराच्या टोकाकडं गेला आणि अर्ध्यातून परत आला. मी कागद सुनेकडं दिला. तिनं फोटो काढून साप्ताहिकाला पाठवला.

संपादकांनी वर चौकट टाकली: वाचकांच्या आग्रहास्तव नवा शेवट. आग्रह धरणारी वाचक एकच होती, आणि तिला वाचता येत नव्हतं.

छापून आल्यावर मी डबा घेऊन गिरणीत गेले. मी आत पाय टाकला आणि बोलणं थांबलं. नुसतं जातं फिरत होतं. कुणी छान म्हटलं नाही, कुणी वाईट म्हटलं नाही. माझ्या डब्याशेजारचा डबा एकीनं थोडा सरकवून घेतला. मी ओळखलं, आता खरं वाटलंय.

यंदा यात्रेआधी गावातली पोरं आक्काकडं आली, चूल हाय का अजून, विचारत. ती म्हणाली, "हाय की. चूल कुठं गेलती?" पुढारी गप्प राहिले, गावाचा वारा बघून बोलतात ते. तेल मात्र यंदा आमच्या दुकानातून नेलं नाही, तलवाड्याहून आणलं. नातीचे पाहुणे अजून काही कळवत नाहीत. मंडपात मी खरं सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही. आक्का निर्दोष आहे हे अजूनही कुणी मानलेलं नाही. लोकांना फक्त दुसरं घर मिळालं. ते ओझं माझ्याच डोक्यावर राहणार, आणि ते तिथंच असावं.

यात्रेच्या संध्याकाळी मी दुकानाचं दार अर्धं ओढून आत बसले होते. आक्का खापर घेऊन निघाली. आमच्या दारासमोर थांबली.

"चल की. कशाची वाट बघतीस?"

मी चपला काढल्या आणि तिच्या मागून निघाले. वळणावर वारा होता. तिचा पदर डोक्यावरून घसरायला लागला आणि दोन्ही हातांत खापर. पूर्वीची आक्का असती तर टोक दातात धरून चालत राहिली असती. ती थांबली, दात मिटलेले. मी पुढं होऊन पदर तिच्या डोक्यावर ओढून दिला आणि देवळापर्यंत तसाच धरून चालले.