उरलेल्या टेपेवरची बाई

तात्यांना रिकामी टेप बघवत नसे. बारामतीत एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं क्यासेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक कागदावर गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि तात्या ती गाणी साठ नाहीतर नव्वद मिनिटांच्या क्यासेटवर उतरवून द्यायचे. यादी संपली तरी शेवटी दोन-अडीच मिनिटांची टेप उरायचीच. बाकीचे दुकानदार ती कोरी सोडून मोकळे होत. तात्या म्हणायचे, "कोरी टेप नुसती सूं-सूं करती. मानूस नसल्याल्या घरावानी." आणि त्या उरलेल्या जागेत ते न विचारता, न सांगता आपल्या पसंतीचं एक इंग्रजी गाणं टाकून द्यायचे.

इंग्रजी म्हणजे रॉक अँड रोल, आणि तेही अगदी पहिल्या पिढीचं. ही गाणी दोन-सव्वादोन मिनिटांत आटपतात, हा त्यांचा मोठा गुण. त्यामुळे बारामती आणि इंदापूर तालुक्यांत एक काळ असा होता, की भजन संपलं, हळदीची गाणी संपली, आता बाजू उलटायची म्हणून कुणी उठतंय तोवर टेपमधून एखादा सातासमुद्रापलीकडचा माणूस बोंब ठोकायचा. त्यांचं नाव पडलं शेवटच्या गाण्याचे तात्या. शिव्या देणारे होते, हसणारे होते, पण पोरांनी बडवलेल्या दाराची कडी घट्ट करावी तसे तात्या शांतपणे आपलं काम करत राहायचे.

मूळचे ते इंदापूर तालुक्यातल्या कळंबचे. वडील मेंढरं राखायचे. तात्या मात्र पोरवयातच जवळच्या कारखान्याच्या कॉलनीत साहेब लोकांच्या क्लबात गाण्यांच्या तबकड्या पुसायच्या आणि लावायच्या कामाला लागले. "मेंढरं सोडून तबकड्या राखायला लागलास व्हय," असं गाव चिडवायचं. क्लबातले एक मराठी साहेब त्यांना तबकडीच्या वेष्टणामागचा मजकूर वाचून समजावून सांगत. पुढे क्लबात टेप आला आणि तबकड्यांची ती पेटी तात्यांना मिळाली. लग्न झालं, पण पहिल्याच बाळंतपणात बायको आणि मूल दोन्ही गेलं. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. बारामतीला आले, दुकान घातलं, दुकानाच्या मागच्या खोलीत राहिले आणि खानावळीचा डबा खाल्ला. माझ्या माहितीतलं त्यांचं सगळं चरित्र एवढंच.

गायकांची खरी नावं ते कधी घेत नसत. "नावं घिऊन काय करायचंय? त्यास्नी का सोयरीक घालायची हाय?" त्यांची नावं ठरलेली होती. केसांचा तुरा काढून कंबर हलवणारा देखणा गोरा गडी, तो कोंबडा. पियानोवर तुटून पडणारा सावळा गडी, तो पेटीबडव्या. स्वतः गाणी रचून गिटारवर वाजवणारा दुसरा सावळा गडी, तो गिटारी. आणि चौथी नुसती बाई. ती या सगळ्यांच्या आधीची. देवाची गाणी म्हणायची म्हणे, पण गिटार अशी वाजवायची की देवळातल्या माणसाचेही पाय थाऱ्यावर राहू नयेत.

"पैला कोन आनि टिकला कोन, ही दोन येगळी गावं हायती," तात्या म्हणायचे. कोंबड्यावर त्यांचा राग नव्हता. आवाज गोड, रूप देखणं, आणि रूप फोटोत टिकतं, म्हणून तो टिकला असा त्यांचा निवाडा. पेटीबडव्या आणि गिटारी यांच्या चाली उचलून गोऱ्यांनी नाव कमावलं, पण त्यांचंही नाव अजून आहे. "आनि ज्या बाईनं समद्यांच्या आधी वाट पाडली, तिला इचारतंय कोन?" हे म्हणताना मात्र त्यांचा आवाज बदलायचा.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. मी दहाएक वर्षांची असेन. आमच्या सांगवीत जयंतीसाठी वडिलांनी भीमगीतांची क्यासेट भरून आणली होती. वस्तीवर कर्णा लावलेला, पाहुणे आलेले, गाणी झकास चाललेली. शेवटचं गीत संपलं आणि कर्ण्यातून पेटीबडव्या जो ओरडला, की झाडावरची पाखरं उडाली. आम्हा पोरांना उधाण आलं, आम्ही जे नाचलो ते टेप बंद करेपर्यंत. वडील मात्र लालबुंद. दुसऱ्या दिवशी मला सायकलच्या दांडीवर बसवून थेट बारामती.

"आमच्या बाबांच्या गाण्यामागं ही कसली थेरं लावलीत?" वडिलांनी क्यासेट आपटली. तात्यांनी आधी त्यांना बसायला आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मग म्हणाले, "राव, ह्यो मानूस काळा, म्हनून तिकडं येगळ्या दारानं आत जायचा. गानं ऐकायला गोरं लोक यायचं, पन त्याच्या पंगतीला बसायचं न्हाईत. त्यानं अशी आरोळी मारली की समद्यास्नी ऐकावीच लागली. मला वाटलं, तुमच्याच क्यासेटवर त्याला मान हाय. चुकलं आसंल तर पुसून देतो."

वडिलांनी क्यासेट उचलून पिशवीत टाकली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." पुढच्या वर्षी नवी यादी दिली तेव्हा खाली स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, शेवटी तो ओरडणारा टाकणे.

तात्यांच्या हिशेबी हे मत होतं. त्यांची मतमोजणी फार कडक. गिऱ्हाइकानं आपण होऊन मागितलं पाहिजे, नाहीतर विचारलं पाहिजे, "शेवटी त्यो कोन हाय हो?" तरच मत. तात्यांनी विषय काढला आणि समोरच्यानं मान डोलावली, ते मत बाद. सगळं डोक्यात पक्कं. साखर कारखान्याच्या निवडणुकीचा निकाल सांगावा तसा ते निकाल सांगायचे: बारामतीत पेटीबडव्या पुढं, इंदापुरात कोंबडा, गिटारी दोन्हीकडं दुसरा. आणि बाई? बाईला एकही मत नाही. इतक्या वर्षांत, दोन तालुक्यांत, एकही नाही.

त्यांनी प्रयत्नांत कसूर केली नव्हती. "बाईचं गानं बाईच वळखंल," असं म्हणून ते तिला फक्त बायकांच्या क्यासेटवर टाकायचे, म्हणजे ओव्या, हळदीची गाणी, डोहाळे. वाट बघायचे. कुणी विचारायचं नाही. मला वाटतं, त्यांना स्वतःलाच कुणी विचारत नव्हतं, म्हणून ते त्या बाईचं मनाला लावून घेत असावेत. पण हे मी त्यांना कधी बोलले नाही.

मी नर्सिंग करून आरोग्यसेविका झाले आणि इंदापूर तालुक्यात लागले. सांगवीहून जाता-येता बारामतीत गाडी बदलावी लागे. मी काही गाण्यातली दर्दी नव्हे. तात्यांच्या दुकानात चहा मिळायचा आणि गाडीला वेळ असायचा, एवढंच खरं. पण मी यायला लागल्यावर तात्यांनी एक स्टूल विकत आणलं. इतकी वर्षं त्या दुकानात बसायला दुसरी जागाच नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि वाईट वाटलं. मग मी गाडी चुकली तरी बसायला लागले.

क्यासेटी गेल्या. तात्यांनी काही दिवस मोबाइलची मेमरी कार्डं भरून दिली, पण त्यांचं मन लागेना. "ह्या कार्डाला शेवटच न्हाय गं. हजार गानी टाकली तरी जागा हायच. मग शेवटचं गानं टाकू कुठं?" मी एकदा त्यांना माझ्या फोनवर दाखवलं, जगभरात कुणाचं गाणं किती लोकांनी ऐकलं ते. कोंबड्याच्या पुढे ही एवढी शून्यं. बाईच्याही पुढे बरीच होती. मला वाटलं खूश होतील. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "ही समदी लांबची मतं. आपल्या हितलं कोन हाय त्यात?"

गुडघ्यांनी पार हात टेकले तेव्हा त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं आणि कळंबला पुतण्याकडे जायला निघाले. सामान बांधायला मी गेले होते. तबकड्या पुसून पेटीत लावताना बाईची तबकडी हातात धरून ते नुसतेच बसून राहिले. म्हणाले, "हिचं काय मी धड केलं न्हाय बघ." मला ते बघवेना. आणि मी बोलून गेले.

"तात्या, सांगायचं राहिलंच. माझी आई विचारायची तिच्याबद्दल. ओव्यांच्या क्यासेटवर शेवटी ती बाई गाते, ती कोण म्हणून. दळण निवडताना गुणगुणायची. गिटारचा तुकडा आला की हात थांबायचा तिचा."

तोंडाला आलं तसं सांगत गेले. तात्या ऐकत होते. आधी चेहरा उजळला, मग हळूहळू विझला. "पोरी," ते म्हणाले, "सांगवीला तुमच्या घरी म्या चार क्यासेटी भरून दिल्या. चारींवर पेटीबडव्या. तुझ्या बापानंच तसं लिवून दिलं व्हतं. बाई कंदी सांगवीला गेलीच न्हाय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते रागावले नाहीत. उलट उठून चहा सांगितला. फक्त म्हणाले, "खोटं मत धरत न्हाय मी. पुन्यांदा आसं करू नगं."

दीडेक वर्षानंतरची गोष्ट. माझ्या हद्दीतल्या अंथुर्णे गावात एक आजी खुबा मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचा बीपी बघायला आणि पाठीच्या जखमा धुवायला मी जायची. एकदा जखम धुताना दुखू नये म्हणून त्या काहीतरी गुणगुणत होत्या. शब्द नव्हते, नुसतं हूं-हूं, आणि बोटं खाटेच्या दांडीवर वाजत होती. माझा हात थांबला. इतकी वर्षं त्या स्टुलावर बसून ऐकलेली चाल होती ती.

"आजी, हे कुठलं गाणं?"

"काय की. लेकीच्या लग्नात मालकांनी बारामतीसनं हळदीच्या गान्यांची क्यासेट आनली हुती. तिच्या शेवटाला एक बाई गायची. कळायचं काय बी न्हाय. पन समदी रानात गेली का मी आख्खी बाजू लावायची, तेवढ्या बाईसाठी. हळदीची गानी काय, मला पाठच हुती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोन हुती गं ती?"

आपण होऊन विचारलं होतं. मी म्हटलं, "दुकानात का नाही विचारलंत कधी?"

"मी कुठं जानार बारामतीला दुकानात? मालकास्नी म्हनलं हुतं, इचारा. ते म्हनलं, आसलं काय इचारत्यात व्हय, येडी का खुळी."

झालं. एवढी साधी गोष्ट, आणि तात्यांच्या जन्मभर लक्षात आली नव्हती, माझ्याही आली नव्हती. याद्या पुरुष आणायचे, क्यासेटी पुरुष न्यायचे. बाईला ऐकणाऱ्या बायका त्या दुकानाची पायरी कधी चढल्याच नव्हत्या. कुणास ठाऊक, किती घरांत किती मतं तशीच राहून गेली असतील.

दुकानवाल्याला सांगते, असं आजींना म्हणून दुसऱ्याच दिवशी मी कळंबला गेले. तात्या ओसरीत भिंतीला टेकून बसले होते, पार वाळलेले. पुतण्याच्या घरात कुणी वाईट वागवत नव्हतं, पण त्यांच्याशी बोलायलाही कुणाला सवड नव्हती. तबकड्यांची पेटी माळ्यावर होती. मी सगळं सांगितलं, अगदी एका दमात. त्यांनी एकच विचारलं.

"तिला त्यातलं काय आवडायचं? बाईचा गळा का गिटार?"

"ते... ते नाही विचारलं मी."

खोटं बोलले तेव्हा माझ्याकडे सगळी उत्तरं होती. खऱ्याच्या वेळी नेमकं एक नव्हतं. तात्या हसले, लहान पोराची खोडी पकडल्यावर हसावं तसे. "लई चांगलं जुळवून आनलंस. बायका दुकानात येत न्हाईत, हे तर मला सुचलंच नसतं."

"तात्या, शप्पथ. अंथुर्णं काय लांब नाही. रिक्षा आणते, आत्ता चला. तुम्हीच विचारा त्यांना."

"नगं. कुनाला बी पढवून बसवता येतंय." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू माझ्यासाठी करतीस, कळतंय मला. पन मत त्ये मत आसतंय, बाय."

मी रडले, भांडले, फोन लावते म्हणाले. त्यांनी विषय बदलला आणि माझ्या आईची तब्येत विचारली. निघताना वाटलं, पुढच्या वेळी आजींचा आवाजच फोनवर भरून आणीन. पुढच्या वेळेआधीच पुतण्याचा निरोप आला. तात्या झोपेतच गेले होते. बाईला शून्य मतं, असंच समजून गेले. एका माणसाचं मन राखायला म्हणून मी एकदा खोटं बोलले, आणि त्याला जन्मात हवी होती ती एकच खरी गोष्ट माझ्या तोंडून खरी वाटू दिली नाही. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं तरी कुणाला, ती गाणी ओळखणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी अंथुर्ण्याची पाळी होती. आजींच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होते, तर त्यांनीच विचारलं, "त्या दुकानवाल्याला सांगितलं का गं? काय म्हनला?"

"सांगितलं ना," मी म्हणाले. "लई खूश झाले, आजी. म्हणाले, इतकी वर्षं तुमचीच वाट बघत होतो."

"बया गं," आजी पदर तोंडाला लावून लाजल्या. "मला म्हातारीला कोन कशाला वाट बघंल?" पण चेहरा असा फुलला होता, की त्यांच्याकडे बघता येईना. मी नळी कानाला लावली आणि पट्ट्यात हवा भरली. आकडा दोनदा घ्यावा लागला. पहिल्यांदा मला काहीच ऐकू आलं नाही.