शेठचं सोंग

शेठ हसले की मी बोलायचं विसरायचे. आधी त्यांचे खांदे हलायचे, मग घशात खरखर व्हायची आणि मग ते हसू खोलीभर पसरायचं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी आयुष्यभर खलनायक केला. आरमोरीकडच्या एका गावात म्हणे एका म्हातारीनं स्टेजवर चढून त्यांना चपलेनं हाणलं होतं, आणि ही गोष्ट ते बक्षीस मिळाल्यासारखी सांगायचे. शेठ हे त्या सोंगाचं नाव; त्यांचं खरं नाव आमच्यापैकी कुणीच घेत नसे.

प्रयोगशाळेत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसांना धंदा शिकवणारं एक केंद्र चंद्रपुरात होतं. मी सिंदेवाहीची. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर सिकलसेल हा आईबापांकडून येणारा आजार ओळखणारी कागदी पट्टी मी बनवली होती. पट्टी छान चालायची. बोबडी वळायची ती माझी. मार्चअखेर केंद्रातली जागा सुटणार होती. त्याआधी गुंतवणूकदार मिळाला नाही तर पट्टी कायमची कपाटात जाणार, ही धास्ती होती. नागपूरच्या भेटीआधी सराव व्हावा म्हणून केंद्राच्या मॅडमनी शेठना बोलावलं. त्यांनी गुंतवणूकदार व्हायचं आणि मी त्यांच्याकडे पैसे मागायचे.

पहिल्याच दिवशी मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. शेठनी माझा लॅपटॉप मिटला. “काऊन वं बाई, पोपट हायेस का?” झाडीपट्टीत तालमी फारशा होत नाहीत. प्रॉम्प्टर आडून वाक्य सांगतो आणि नट ते त्या क्षणी आपलं करून बोलतो. शेठचा जन्म असाच गेलेला, त्यामुळे पाठांतरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “समोरचा काय म्हणून राह्यला ते ऐक. तुही लाइन त्याच्यातच हाये.” ऐकते कसली! माझ्या डोक्यात पाठ केलेलं पुढचं वाक्य चालू असायचं.

सोंग उतरलं की माणूस वेगळाच. “जेवली का बाई?” म्हणत डब्यातले लाखोळीच्या डाळीचे वडे पुढे करायचे. “भेव वाटते तं वाटू दे. मीबी एन्ट्रीच्या आधी दरवेळी मुतायले जातो.” मी हसायचे, आणि वडा संपेपर्यंत ते पुन्हा शेठ झालेले असायचे.

त्यांचा एक प्रश्न मात्र मला छळायचा. कुठूनही सुरुवात केली तरी ते तिथेच येऊन थांबायचे. “लोकांले माहीतच नाई करून घ्यायचं, तं तुही पट्टी घेईन कोण?” मी आकडे सांगायचे, नकाशे दाखवायचे. शेठ हसायचे. मला त्यांचा राग यायचा, कारण ते खरं होतं. पोरीच्या रक्तात काही निघालं तर सोयरीक मोडेल, या भीतीनं आमच्या गल्लीतली माणसंसुद्धा बोट पुढे करत नव्हती.

शेवटच्या सरावाला माझा बांध फुटला. “नाही माहीत मला! कोण घेईल, नाही माहीत. मलाही भीतीच वाटते, शेठ!” मी टेबलावर डोकं टेकून रडले. ते हसले नाहीत. “हे सांग नागपूरले,” एवढंच हळू म्हणाले.

नागपूरचा गुंतवणूकदार तर साखरेचा पाक. बिस्किटं पुढे केली, माझ्या गावाची चौकशी केली, आणि मऊ आवाजात नेमका तोच प्रश्न विचारला. बाप रे! मी म्हटलं, “साहेब, लोक भितात. नमुना शहरात जातो आणि निकालाची वाट पाहता पाहता घर अर्धं होतं. भीतीवर माझ्याकडे औषध नाही. पण आपल्या ओट्यावर, आपल्या माणसांत बसून थोड्या वेळात कळलं, तर निदान ती वाट पाहणं तरी टळतं.” त्यांनी पट्टी उचलून उलटसुलट पाहिली. आता हा ‘कळवतो’ म्हणणार आणि संपलं सगळं, असं वाटून मी पिशवी आवरायला लागले. पण काही आठवड्यांनी होकार आला.

मी पेढे घेऊन शेठकडे धावले. केंद्रातल्या त्याच खोलीत ते बसले होते.

“आता पट्टी बंद नाई पडत ना?” त्यांनी विचारलं.

“नाही भाऊ, आता नाही.”

पेढा तसाच ठेवून त्यांनी बोट पुढे केलं. “माही तपासणी कर.” मी सुई टोचून पट्टीवर थेंब टाकला. आम्ही दोघं पट्टीकडे बघत राहिलो, आणि नको असलेली रेघ उमटली. मी सांगितलं, तुम्ही वाहक दिसता. तुम्हाला स्वतःला त्रास नाही, पण आईही वाहक असेल तर पोरांना आजार होऊ शकतो; दवाखान्यात पक्की तपासणी करू. ते ऐकतच नव्हते. “माह्या मंगलाचे हातपाय हिवाळा लागला का ठणकतेत,” ते म्हणाले. “पोरगी रडते. आमी वात म्हणत आलो. मले शंका होती, पण तपासाले भेव वाटे. आता मुलचेऱ्याहून सोयरीक आली तिले.”

इतके दिवस मला विचारलेला तो प्रश्न गुंतवणूकदाराचा नव्हताच, बापाचा होता.

“तिले सांगा लागते,” शेठ उठत म्हणाले. “तू खुर्चीत बस. तू मंगला हो.”

मी बसले. मी जिथे उभी राहायचे तिथे ते उभे राहिले. “मंगला, माय...” एवढंच ते दोनदा म्हणाले. त्यांना जवळ घ्यावं, पाणी द्यावं, असं फार वाटलं. पण उद्या मंगला काय विचारेल ते मला दिसत होतं. भीतभीत मी तेच विचारलं.

“बाबा, आतापावतर काऊन नाई सांगतलं?”

त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

“हेच विचारन ती,” ते म्हणाले. “पुन्हा विचार.”