उंची आली, पास देणारी गेली

बास्केट पडली आणि मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं, आमच्या बाजूला टाळ्या वाजवणारा मी एकटाच. बास्केट करणारी पोरगी गेल्या वर्षापर्यंत माझ्या मुलीसोबत आमच्या संघात होती. यंदा ती समोरच्या बलाढ्य क्लबकडून खेळत होती.

आमच्या कोचना ओठांत शिट्टी धरूनच बोलायची सवय. मागे न वळता म्हणाले, "वाजवा ना भाऊ, बास्केट चांगलीच होती."

तिला त्या क्लबात त्यांनीच स्कूटरवर नेऊन सोडलं होतं. "इथं राहून तिले कोण पाहीन?" एवढंच म्हणाले. तिच्या जागी वाडीहून दोन उंच पोरी आणल्या. उंची आली, पण त्यांना पास देणार कोण, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसत होतं. सामना सुरू असताना कोच कधी बसत नाहीत. खुर्चीवर टॉवेल वाळत घालतात आणि रेषेवरून प्रत्येक सूचना दोनदा देतात.

सामना सेमीफायनलचा होता आणि शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढे होतो. तेवढ्यात आमच्या त्या जुन्या पोरीला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही पडले तर आमचा खेळ खलास. तिनं चेंडू उचलला, कोपर बाहेर आलं. कोच शिट्टी काढून म्हणाले, "कोपर आत घे, बेटा. कोपर आत."

दोन्ही पडले.

परतताना मी बायकोला म्हणालो, "मोठ्या मनाचा माणूस आहे."

गाडीवर मागे बसलेली बायको म्हणाली, "असन बापा. पण तिच्या आंधी आपल्या पोरीचे दोन्ही फ्री थ्रो चुकले, तवा तो काहून चूप होता?"