जुन्या लिपुलेखच्या खिंडीत

निवृत्तीनंतर मी आणि बायको उत्तराखंडातल्या जुन्या लिपुलेख खिंडीकडं निघालो. तिथून तिबेटातला कैलास दिसतो. आमच्या कुरुंदा गावच्या सपाट शिवारात आयुष्य गेलेलं. शेवटच्या चढावर माझा दमच संपला. मी दगडावर बसलो.

“तू जा पुढं. मला न्हाई जमत.”

“काहून? डोंगर काय पळून जाऊन राहिला?” म्हणत ती शेजारी बसली आणि माझे गारठलेले हात चोळू लागली. मग दहा पावलं चालत, थांबत आम्ही खिंड गाठली.

समोर नुसता ढग. तासभर थांबूनही कैलास दिसला नाही. मला रडूच फुटलं. तिनं मात्र ढगालाच हात जोडले.

“वाट तर ठाऊक झाली. पुढच्या साली हळद निघाली की परत येऊ.”

आता रोज सकाळी आम्ही शेतापर्यंत पायी जातो, सराव म्हणून.