बिननाडीचा स्कर्ट
शिराळ्याच्या घरी मी टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा स्कर्ट शिवला. कमरेला त्याच कापडाची रुंद पट्टी होती, घालताना ती नुसती बाहेरच्या बाजूला दुमडायची, की कापड आपोआप कमरेला घट्ट बसतं. नाडी नको, इलॅस्टिक नको. पट्टी दुमडून तो पलंगावर ठेवला आणि बाजारात गेले.

परत येऊन बघते तर सासूबाईंनी ती दुमड टाके घालून पक्की केलेली आणि आत परकराची नाडी ओवलेली.

"तुजं काम अर्धंच ऱ्हायलं हुतं," त्या म्हणाल्या.

चिडावं की आभार मानावेत, मला कळेना. शेवटी टाके उसवले, नाडी ओढून काढली आणि स्कर्ट घातला. दिवसभर तो जागचा हलला नाही. माझा हात मात्र सारखा कमरेशी जाऊन नाडीची गाठ शोधत होता.