जिन्याखालची कुंडी

निलगिरीच्या डोंगरातलं झाड पिंपरीच्या उन्हात जगवायचं, हा हट्ट माझ्या बाबांचा. त्यापायी नाकी नऊ आले ते मात्र माझ्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचे हे कारखान्यात फिटर होते आणि आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये तळमजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. बाबांची सगळी नोकरी निलगिरीत लष्करी कचेरीत गेली, निवृत्त झाल्यावरही ते आणि आई तिथंच राहिले. त्या थंडीत आई गेली. बाबांना हृदयाचं दुखणं, तिथं तांब्याभर पाणी द्यायला माणूस नाही, आणि मी एकुलती एक. पत्रांवर पत्रं घालून, रडून, भांडून मी त्यांना बोलावून घेतलं. आले ते एक ट्रंक आणि एक कुंडी घेऊन. कुंडीत आईनं लावलेलं फ्यूशियाचं झाड. त्याची लाल-जांभळी फुलं डुलांसारखी खाली लोंबतात. उंबऱ्यातूनच बाबांनी सांगून टाकलं, "हे इथं जगलं तर राहीन. नाहीतर आपला परत जाईन."

घ्या! म्हणजे बाबांना ठेवून घ्यायचं तर आधी त्या कुंडीची मनधरणी करायची.

झाड मोठं चिवट आहे, असं ते आम्हा दोघांना सारखं सांगायचे. तिकडच्या थंडीत वरून पार वाळून जायचं आणि पुन्हा बुडातून फुटायचं म्हणे. असेल बाई. पण थंडी सोसणं वेगळं आणि आमच्याकडचा मार्च सोसणं वेगळं. सकाळी कुंडी अंगणात, ऊन चढलं की भिंतीच्या कडेला, मग मोरीत, मग पुन्हा बाहेर. हे रात्रपाळी करून जरा आडवे झाले की बाबा त्यांना हलवून उठवायचे, कुंडीवर ऊन आलंय म्हणून. जावई सासऱ्याला काय बोलणार? मग हे माझ्यावर चिडायचे. बाबांना स्वतःच्या गोळ्यांची आठवण मी करून द्यायची, आणि कुंडीभोवतीचं गोणपाट भिजवलंस का, हे त्यांनी मला दिवसभर विचारायचं. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

शेवटी जिन्याखाली थंडावा सापडला. बाबांनी तिथंच खुर्ची टाकली. इमारतीत कुणाशी बोलायचे नाहीत, नुसते झाडाकडे बघत बसायचे. पाण्याचा नियमही त्यांचाच. मातीत बोट घालायचं, वरची माती कोरडी लागली तरच पाणी. एके दिवशी दोन कळ्या दिसल्या आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदानं नाचावंसं वाटलं. बाबा आता राहतात, असं मी धरूनच चालले.

आठवडाभरात झाडानं मान टाकली. पानं पिवळी पडली. बोट घालून बघितलं तर चिखल! मला वाटलं बाबा चोरून पाणी घालतात, बाबांना वाटलं मी घालते. दोन दिवस आमचं कडाक्याचं भांडण चाललं.

तिसऱ्या दिवशी पहाटे, बाबा उठायच्या आधी, नळ आला तेव्हा मी जिन्यापाशीच उभी राहिले. वरच्या मजल्यावरच्या काकू कळशी घेऊन उतरल्या आणि ती सरळ कुंडीत रिकामी केली. त्यांच्या मागून दुसरी, मग तिसरी. ताजं पाणी आलं की आदल्या दिवशीचं शिळं पाणी ओतून टाकायचं, हे घरोघरी चालतंच. पूर्वी ते मोरीत जायचं. काकू म्हणाल्या, आजोबा बिचारे एवढा जीव लावून बसतात, त्यांच्या झाडाला होईल म्हणून आम्ही सगळ्या इथं ओततो. आता अशा बायकांवर ओरडायचं तरी कसं? मी कपाळाला हात लावला.

कुंडी उपडी केली तर मुळं काळी पडून सडलेली. तरी बाबांनी कोरड्या मातीत झाड पुन्हा लावलं आणि बुडातून फुटेल म्हणून वाट बघितली. मग एका दुपारी नखानं खोड खरवडलं. आत हिरवं काही नव्हतं.

माझा तोल गेला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, झालं ना तुमच्या मनासारखं, आता ट्रंक भरते, ह्यांना तिकीट काढायला सांगते, जा तुमच्या त्या थंडीत आणि पडा एकटे.

बाबा हातातलं खोड बघत राहिले. म्हणाले, "अगं, तिला इथलं ऊन सोसलं नसतं तर तिला घेऊन परत जाणार होतो. आता एकटा कुठं जाऊ?"

झाडाला ते 'तिला' म्हणाले, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी तिथंच पायरीवर बसून मोठ्यानं रडले. आई गेल्याची तार आली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.